निळा पंप: दम्याच्या सालब्युटामॉलबद्दल मेडिकलवर रोज विचारले जाणारे प्रश्न

तापीकाठच्या एका गावात माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. कापूस वेचणी सुरू झाली, जिनिंगचे पट्टे फिरायला लागले, पहाटेची थंडी पडली की काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, दम लागी ऱ्हायना, पंप दे." मागे चार गिऱ्हाईकं उभी असतात, घेणाऱ्यालाही घाई असते, मग पंप जातो आणि सांगायचं राहून जातं. ते राहिलेलं सगळं इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला माणूस आहे. कोणाला दमा आहे की नाही ते डॉक्टरच ठरवणार, पण औषध अंगात जाऊन काय करतं आणि कुठे घात करतं हे सांगणं माझं कामच आहे.

निळा पंप म्हणजे नेमकं काय औषध आहे?

आत सालब्युटामॉल असतं. आपल्याकडे अस्थालिन म्हणून सगळे ओळखतात. अमेरिकेत याच औषधाला अल्ब्युटेरॉल म्हणतात, त्यामुळे तिकडून पुतण्याने पाठवलेल्या डबीवर वेगळं नाव दिसलं तर दोन्ही घेऊ नका, एकच औषध आहे ते. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात शोधलं गेलं आणि १९६९ साली बाजारात आलं. त्याच्या आधी आयसोप्रिनलिनचे फवारे होते, ते फुफ्फुसाबरोबर हृदयालाही जोरात पळवायचे. सालब्युटामॉलचा मुख्य जोर श्वासनळीवर, म्हणून ते टिकलं आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

श्वासनळीभोवती स्नायूंचा वेढा असतो. दमा उठला की तो आवळतो, सालब्युटामॉल तो सैल करतं. पाच मिनिटांच्या आत फरक कळायला लागतो आणि असर साधारण चार ते सहा तास टिकतो. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. रंगावर मात्र फार विसंबू नका, कंपनीप्रमाणे रंग बदलतो, डबीवरचं नाव वाचा किंवा शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

मग त्याने दमा बरा होतो का?

नाही, आणि या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. निळा पंप आत्ता लागलेला दम मोडतो, दमा जागेवरच राहतो.

शेतातलं ठिबक डोळ्यासमोर आणा. नळीवर कोणाचा पाय पडला तर पाणी थांबतं, पाय काढला की लगेच सुरू होतं. पण नळीच्या आत क्षार साचून ड्रिपर चोक झाले असतील तर पाय काढून काय उपयोग, थोडंफार पाणी येईल आणि आठवड्याने तेही बंद. दम्यात दोन्ही गोष्टी एकदम चालू असतात, बाहेरून स्नायू आवळलेले आणि आतून श्वासनळीला सूज, चिकट कफ. सालब्युटामॉल फक्त पाय काढतं. सूज तशीच राहते आणि पंप मारल्यावर मोकळं वाटतं म्हणून माणूस परत कामाला लागतो, आतमध्ये मात्र नळी दिवसेंदिवस बारीक होत जाते. सूज कमी करणारं औषध वेगळं असतं, श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय.

पंप किती वेळा घेतला म्हणजे जास्त?

आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा लागत असेल, किंवा रात्री दम लागून झोप मोडत असेल, तर तुमचा दमा ताब्यात नाही. डॉक्टरकडे जायचं, पंप संपायची वाट बघायची नाही.

अजून सोपं माप सांगतो. एका डबीत बहुतेक २०० फवारे असतात. वर्षात किती डब्या संपल्या ते मोजा, कॅलेंडरवर खूण करा. वर्षाला तीन किंवा जास्त डब्या लागणाऱ्यांना मोठा अटॅक यायचा धोका वाढतो, बारा किंवा जास्त लागणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो. माझ्याकडे महिन्याला एक डबी नेणारी माणसं आहेत आणि त्यांना वाटतं आपण औषध वेळच्या वेळी घेतोय, म्हणजे तब्येत सांभाळतोय. त्यांना मी आता थांबवून बसवतो, मागचं गिऱ्हाईक थोडं थांबलं तरी चालेल.

ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा बारकाईने अभ्यास झाला, अहवाल २०१४ साली आला. ज्यांची नोंद मिळाली त्यांच्यापैकी ३९ टक्के लोकांना आधीच्या वर्षभरात अशा झटपट आराम देणाऱ्या पंपाच्या बारापेक्षा जास्त डब्या लिहून दिलेल्या होत्या. आणि ४५ टक्के लोक वैद्यकीय मदत मिळायच्या आधीच गेले. न्यूझीलंडमध्ये १९७६ पासून दम्याचे मृत्यू अचानक वाढले होते, तिथे फेनोटेरॉल नावाचा याच जातीचा, पण जास्त जोरदार पंप सर्रास वापरात होता. १९८९ ला त्याच्यावर बोट ठेवणारा अभ्यास छापून आला, वापरावर बंधनं आली आणि मृत्यू खाली आले. इतकं सगळं झाल्यावर २०१९ मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शक समितीने, तिला जीना म्हणतात, स्पष्ट सांगून टाकलं की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या सालब्युटामॉलवर दमा चालवू नये, सोबत श्वासातून स्टेरॉइड हवंच.

पंपाची सवय लागते म्हणतात, त्यापेक्षा गोळी बरी ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण माझ्या घरात हेच झालं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, जिनिंगमध्ये कामाला होते. पांढऱ्या रुईत उभं राहून राहून छाती वाजायला लागली. पंप घेतला तर आयुष्यभर सुटत नाही असं कोणीतरी डोक्यात भरवलं होतं, म्हणून गोळ्या, चार मिलिग्रॅमची सालब्युटामॉलची गोळी दिवसातून तीनदा, शर्टाच्या खिशात पाकीट कायम. सकाळी चहा बशीत ओतायचे आणि बशी ओठांपर्यंत नेईस्तोवर निम्मा चहा धोतरावर. आम्हाला वाटायचं वय झालं. आई मग बशी काढून घ्यायची आणि स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा द्यायची.

फार्मसीला गेलो तेव्हा हिशोब कळला. चार मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, एक गोळी म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकं औषध. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे एकशे वीस फवारे! आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर, हाताला, हृदयाला, आणि छातीच्या वाट्याला त्यातलं थोडंसं. फवाऱ्याचं औषध सरळ जिथे पाहिजे तिथे जातं म्हणून एवढंसं पुरतं. गोळीचा असर यायला वेळही जास्त लागतो, म्हणून आता तज्ज्ञ डॉक्टर दम्यासाठी सालब्युटामॉलची गोळी किंवा सिरप टाळतात.

दादांचा दम छातीच्या डॉक्टरांनी तपासला, गोळ्या बंद केल्या, श्वासातून स्टेरॉइड सुरू केलं. महिन्याभराने त्यांनी बशीत चहा ओतला आणि फुर्रर करून प्यायले, आई चुलीपाशी बसून बघत होती.

सवयीचं म्हणाल तर दारू-तंबाखूसारखी नशा या पंपाला नाही. रोज रोज घ्यायला लागतो तो आतली सूज वाढल्यामुळे, आणि एक गोष्ट खरी की फार वेळा घेत राहिलं तर शरीर त्याला थोडं निर्ढावतं, असर कमी वेळ टिकतो. त्याचं उत्तर सूज कमी करणं हे आहे, गोळीकडे पळणं नाही.

पंप मारल्यावर हात कापतात, छातीत धडधडतं. बंद करू का?

बंद करू नका, आधी मोजा. दोन फवाऱ्यांनी हाताला जराशी थरथर, थोडी धडधड, कधी डोकं दुखणं, पायात गोळे येणं हे होतं आणि थोड्या वेळात जातं. हाताच्या स्नायूंवर आणि हृदयावरही याच औषधाला प्रतिसाद देणाऱ्या जागा असतात म्हणून हे होतं.

काळजीचं वेगळं आहे. मोठ्या डोसला, म्हणजे नेब्युलायझर मशीनवर औषधाची वाफ परत परत घेतली की, रक्तातलं पोटॅशियम खाली येतं. वाफेच्या एका डोसमध्ये २.५ मिलिग्रॅम म्हणजे पंचवीस फवाऱ्यांइतकं सालब्युटामॉल असतं, हे घरी मशीन आणून ठेवलेल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, ते दिवसातून चार-पाच वेळा वाफ घेतात आणि म्हणतात आमचं घरच्या घरी भागतं. पोटॅशियम फार घसरलं की हृदयाचे ठोके चुकतात. सोबत लघवी होण्याची गोळी, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा थिओफायलिन (डेरिफायलिनमधलं औषध) चालू असेल तर हा धोका अजून वाढतो. शुगरही वर जाऊ शकते. छातीत दुखलं, ठोके वेडेवाकडे वाटले, चक्कर आली तर थेट दवाखाना.

क्वचित कधी उलटंच होतं, पंप मारल्या मारल्या दम वाढतो. तसं झालं तर तो पंप लगेच थांबवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

बीपी आहे, शुगर आहे, हार्टचं ऑपरेशन झालंय. चालेल का?

बहुतेकांना नेहमीच्या डोसमध्ये चालतो, पण डॉक्टरला सगळी औषधं दाखवून. थायरॉइड वाढलेलं असेल, ठोक्यांचा त्रास असेल तर आवर्जून सांगा.

खरा घोळ दुसरीकडून होतो. बीपीसाठी, धडधडीसाठी, अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या देतात, त्या सालब्युटामॉलच्या अगदी उलट काम करतात आणि दमेकऱ्याची श्वासनळी आवळतात. आणि गोळीच असायला पाहिजे असं नाही. आमच्या गावातल्या एका आजीचा दम काही केल्या बसत नव्हता, पंप बदलला, वाफ झाली. एक दिवस पिशवीतून औषधं काउंटरवर ओतली तर त्यात काचबिंदूचे थेंब, टिमोलॉलचे. डोळ्यात टाकलेला थेंब नाकातून रक्तात उतरतो आणि दमा भडकवू शकतो. मी चिठ्ठी लिहून डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी थेंब बदलून दिले. त्यांना आजींनी दम्याचं सांगितलंच नव्हतं, डोळ्याच्या डॉक्टरला छातीचं काय सांगायचं असं त्यांना वाटलं. सांगायचं, प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, दातवाल्यालासुद्धा. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही जोरात अटॅक येतो.

पंप घेतो तरी फरक पडत नाही, औषध डुप्लिकेट आहे का?

दहातल्या बऱ्याच वेळा औषध ठीक असतं, घेण्यात चूक असते. माझ्यासमोर मारून दाखवा म्हटलं की कळतं. कोणी डबी हलवतच नाही, कोणी तोंड उघडून घशाकडे सेंटसारखा फवारा मारतो, कोणी फवारा मारून झाल्यावर श्वास घेतो. तोंडातून पांढरी वाफ बाहेर येताना दिसली तर औषध बाहेर गेलं समजा.

डबी नीट हलवा. श्वास पूर्ण सोडा. तोंडात धरून ओठ घट्ट मिटा. हळू श्वास ओढायला लागा आणि त्याच क्षणी डबी दाबा, ओढणं चालूच ठेवा, छाती भरेपर्यंत. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा फवारा लागला तर अर्धा-एक मिनिट थांबून परत हलवून. नवी डबी असेल किंवा बरेच दिवस वापरली नसेल तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडायचे.

कॅप्सूलचं मशीन, म्हणजे रोटाहेलर, त्याचं उलट आहे. त्यात पावडर असते, ती उडवायला श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो. पंपाला हळू, रोटाहेलरला जोरात, एवढं पाठ करा. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते हो! एक मामा पंधरा दिवस पाण्याबरोबर कॅप्सूल गिळत होते आणि मशीन कपाटात जसंच्या तसं पॅक होतं, कोणीच त्यांना उघडून दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मशीन उघडून दाखवल्याशिवाय देत नाही.

हात आणि श्वासाचा मेळ बसत नसेल, म्हातारं माणूस, लहान मूल, तर स्पेसर लावा, तो प्लॅस्टिकचा नळा. फवारा त्यात मारायचा आणि सावकाश चार-पाच श्वास घ्यायचे, मेळ बसवायची गरजच राहत नाही. साध्या-मध्यम अटॅकमध्ये पंप आणि स्पेसरने वाफेच्या मशीनइतकाच आराम मिळतो हे अभ्यासांतून सिद्ध झालंय. पैसे नसतील तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटलीही चालते, बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, कडेने हवा निसटणार नाही असं घट्ट सील करायचं आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेत मुलांवर अभ्यास झाला, त्यात अशी सीलबंद बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चांगली ठरली, थर्माकोलचा कप मात्र कुचकामी निघाला.

अटॅक आला तर नेमकं काय करायचं?

माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. भोवतीची गर्दी हटवा. निळा पंप, असेल तर स्पेसरमधून, एका वेळी एक फवारा, अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतराने, जास्तीत जास्त दहा. आराम पडत नसेल तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवा. घरात कोणाची गाडी तयार असेल आणि ॲम्ब्युलन्सला उशीर लागणार असेल तर निघा, पंप हातात ठेवून निघा.

काही खुणा दिसल्या तर दहा फवाऱ्यांची वाटही बघायची नाही: एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर-काळपट, पोराच्या बरगड्यांमधली कातडी आत खेचली जातेय, माणूस झोपाळल्यासारखा किंवा गोंधळलेला. आणि छातीतला सुं-सुं आवाज अचानक बंद झाला पण माणूस अजून धडपडतोय, तर तो बरा झालेला नाही, हवा जायचीच बंद झालीय. ही सगळ्यात वाईट खूण आहे आणि घरचे नेमकं तेव्हा "बसला बाई दम" म्हणून निर्धास्त होतात.

आराम पडला तरी चार तासांच्या आत परत पंप लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री असेल तर रात्री, सकाळची वाट बघू नका.

तो दुसरा पंप स्टेरॉइडचा आहे म्हणे, भीती वाटते

स्टेरॉइड शब्द ऐकला की लोक डबी परत ठेवतात. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन यांचा श्वासातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, सरळ छातीत जातो, अंगात फार थोडा शिरतो. तोंड सुजणं, हाडं ठिसूळ होणं, शुगर चढणं या गोष्टी मुख्यतः स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं वारंवार घेणाऱ्यांच्या आहेत, आणि श्वासातला डोस चुकवल्यामुळेच तर त्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागतात. श्वासातल्या स्टेरॉइडने तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो, म्हणून घेतल्यावर चूळ भरून गुळण्या करून पाणी थुंकून टाकायचं. मुलांची उंची अगदी थोडी कमी राहू शकते, हेही लपवत नाही, पण दमा ताब्यात नसला तर रात्र रात्र खोकणाऱ्या पोराची वाढही मारली जाऊ शकते.

हा पंप दम नसतानाही रोज घ्यायचा, असर दिसायला दिवस-आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून दिवाळीनंतर आपणच बंद केला आणि कापसाच्या धुळीत परत दम उठला, असं दर वर्षी चार-पाच घरी बघतो. आता फॉर्मोटेरॉल (श्वासनळी सैल करणारं औषध) आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंपही मिळतो, तो रोजचा म्हणून आणि दम लागला की पण, दोन्ही कामांना डॉक्टर देऊ शकतात. जीना मोठ्यांसाठी त्यालाच पहिली पसंती देते. तुमच्या डॉक्टरला विचारा हे आपल्याला चालेल का म्हणून.

पोराला खोकला झालाय, सालब्युटामॉलचं सिरप देता का?

नुसत्या सर्दी-खोकल्याला नाही. छाती वाजत नसेल तर त्याचा फायदा होत नाही, पोरगं रात्रभर किरकिरं आणि धडधडतं राहतं. शेजारच्या पोराची उरलेली बाटली तर अजिबात देऊ नका. खरंच दमा निघाला तर मास्क लावलेला स्पेसर आणि पंप, दोन वर्षाच्या बाळालाही देता येतो.

सून गरोदर आहे, पंप बंद करायला सांगितला आम्ही

आजच परत सुरू करायला सांगा, ताई, आणि डॉक्टरला दाखवा. सालब्युटामॉल आणि श्वासातलं बुडेसोनाइड गरोदरपणात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत. बाळाला खरा धोका आईच्या दमाचा आहे, तिला प्राणवायू कमी पडला तर बाळालाही कमी पडतो, बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी होऊ शकतं. अंगावर पाजतानाही पंप चालतो.

दमा नाही तरी डॉक्टरांनी हे औषध दिलं, असं का?

कारणं बरीच असू शकतात. चुलीच्या धुरात आणि बिडीने खराब झालेल्या फुफ्फुसाला, म्हणजे सीओपीडीला, हेच औषध आराम देतं. दमा आहे की नाही हे तपासायलाही वापरतात: आधी नळीत जोरात फुंकायला लावतात, मग चार फवारे देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावतात, मोठ्या माणसाचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वाढला तर दम्याकडे बोट जातं. आणि किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम धोकादायक चढलं असेल तर दवाखान्यात याच औषधाची मोठ्या डोसची वाफ देऊन ते तात्पुरतं खाली आणतात. वर ज्याला साइड इफेक्ट म्हटलं त्याचाच इथे उपयोग करून घेतात.

एक सांगून ठेवतो. रात्री आडवं झालं की धाप लागते, पायाला सूज, उठून बसलं की बरं वाटतं, हा हार्टचा दम असू शकतो. त्यावर निळा पंप मारत बसलं तर वेळ जातो आणि माणूस जातो.

डेरिफायलिन आणि मॉन्टेलुकास्ट वर्षानुवर्षं घेतोय, काही होतं का?

डेरिफायलिनमध्ये थिओफायलिनच्या जातीची औषधं आहेत. यात उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यात अंतर फार कमी. मळमळ, उलट्या, झोप उडणं, धडधड ही सुरुवात, पुढे झटकेसुद्धा येऊ शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं की रक्तात त्याचं प्रमाण चढतं. बिडी ओढणाऱ्याच्या अंगातून ते लवकर निघून जातं, म्हणून बिडी सोडली की तोच डोस जास्त होतो. बिडी सोडाच, पण डॉक्टरला सांगून सोडा.

मॉन्टेलुकास्ट ही दमा-ॲलर्जीवरची गोळी, तिच्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा दिला: वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येऊ शकतात. सगळ्यांना होत नाही, पण गोळी सुरू झाल्यावर पोरगं रात्री किंचाळून उठायला लागलं किंवा गप्प गप्प राहायला लागलं तर कारण गोळीतही शोधा. साध्या शिंका येणाऱ्या सर्दीला महिनोन्महिने ही गोळी परस्पर नेणाऱ्यांना मी आता डॉक्टरकडे पाठवतो.

हैदराबादचं माशाचं औषध, कोजागिरीची खीर, पुडी, यांचं काय?

मृगाला हैदराबादला जाऊन आलेले आमच्याकडेही आहेत, कोजागिरीला चांदण्यातली औषधी खीर खाणारेही आहेत. ज्याची श्रद्धा त्याची त्याच्यापाशी, पण याने दमा बरा होतो असा शास्त्रीय पुरावा नाही आणि हे घेतलं म्हणून पंप बंद करू नका, माझं एवढंच मागणं आहे.

पुडीचं मात्र मला भ्या वाटतं. कागदात बांधलेली पांढरी-पिवळी पावडर, नाव नाही, गाव नाही, तीन दिवसांत दम गायब. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. तोंड गोल सुजतं, शुगर चढते, आणि पुडी संपून एकदम बंद झाली तर अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. कोणी बरेच महिने घेत असेल तर रागावू नका, पुडीसकट डॉक्टरकडे घेऊन जा.

पोलीस भरतीला पळायच्या आधी पंप मारला तर टायमिंग सुधारतं का?

दमा नसेल तर नाही, नुसती छाती धडधडेल. पळताना दम उठतो असं निदान झालं असेल तर डॉक्टर पळायच्या पंधरा मिनिटं आधी दोन फवारे सांगतात, ते योग्य आहे. खेळात उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने श्वासातून २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंतच परवानगी दिलीय आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. गोळीला ही सूट नाही.

उपासाला पंप चालतो का?

चालतो, ते अन्न नाही. रोज्याचं विचारणाऱ्या भावांनी मौलानांना विचारून घ्या, आणि डॉक्टरला आधी भेटलात तर सेहरी आणि इफ्तारच्या वेळेला रोजचा डोस बसवून देतात. अटॅक आला तर मात्र विचारत बसू नका.

शेतातलं काम तर सोडता येत नाही, मग काय सांभाळायचं?

जिनिंगची रुई, दादर ज्वारीची मळणी, कुट्टीचा भुसा, नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या, बांधावरचं गाजरगवत, सगळं छातीला झोंबणारं. तोंडाला ओला रुमाल बांधतात, त्यापेक्षा नीट बसणारा मास्क बरा. हिवाळ्यात भरीत पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे गर्दी असते. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायला पाहिजेत, ते मलाही मान्य आहे, पण ज्याला दमा आहे त्याला धुराच्या उलट्या बाजूला बसवा आणि भाजायचं काम दुसऱ्याला द्या. रोजचा स्टेरॉइडचा पंप वेचणीच्या हंगामात एकही दिवस चुकवू नका.

डबी संपली कसं ओळखायचं, आणि उन्हात ठेवली तर?

पाण्यात टाकून तरंगते का बघतात, ती पद्धत चुकीची आहे, तसं करू नका. दाबल्यावर फस्स आवाज येतो म्हणजे औषध आहे असंही नाही, औषध संपल्यावर नुसता गॅस येत राहतो. मागे आकडा दिसणारी डबी घ्या. आकडा नसेल तर सुरू केली ती तारीख मार्करने डबीवर लिहा आणि फवाऱ्यांचा हिशोब ठेवा. दुसरी डबी घरात असल्याशिवाय पहिली संपू द्यायची नाही.

आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. डबी प्रेशरची असते, ५० अंशांवर फुटू शकते आणि त्याच्या आधीच डोस बिघडतो. डॅशबोर्डवर नको, टपरीच्या पत्र्याखाली नको, मोटारसायकलच्या डिकीत नको. घरात सावलीत, तीस अंशांच्या आत राहील अशा जागी, माठाजवळच्या कोनाड्यात ठेवली तरी चालेल, फक्त ओल लागू देऊ नका. प्लॅस्टिकचा भाग आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवून वाळवा, धातूची डबी पाण्यात घालू नका. शेतात जाताना आतल्या खिशात रुमालात गुंडाळून न्या आणि सोबत काम करणाऱ्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, पंप कुठल्या खिशात आहे ते.